मेलेल्या मेंढरांचं घोंगडं

न्हाई न्हाई, त्येला म्हणावं आधी तोंड आवर. "जगात येवडं वाईट चाललंय आन् तुमी देवाचे गोडवे गाताय, लाज वाटत न्हाई का?" आसं म्हणला म्हणं. पारावर बसून, पाय हालवत, बोलला आन् गेला निघून. मी तिथं नव्हतो, न्हाईतर तिथंच धरला आसता. आमाला वाईट दिसत न्हाई व्हय? डोळं काय त्येला एकट्यालाच दिल्यात? आरं, ज्येच्या अंगावर वाईट कोसळलंय त्यो गातोय, आन् ज्येच्या अंगाला झळ बी लागली न्हाई त्यो इचारतोय की गाता कशाला! आता त्यो काय हितं न्हाई. तुमी हाय. तर तुमी ऐका.

एकदा एक धनगर व्हता. सिदा त्येचं नाव. माणदेशातल्या माळावर मेंढरं राखायचा. अंगानं काटक, डोक्यानं तापट, पर गळा आसा की वारा उलटा आसला तरी पल्याडच्या टेकावर ऐकू जावा. गळा त्येचा सवताचा, पर गाणं दिलं धुळा आबानं. धुळा आबा म्हंजी त्या मुलखातला म्हातारा मेंढका. बिरोबाच्या जत्रंत वव्या म्हणायचा मान त्येच्या घरात. वव्या सुरू व्हायच्या आधी देवाची आठवण करत्यात, नाव घेऊन बोलवत्यात, थोरवी गात्यात. त्येला धनगर लोक सुंबरान म्हणत्यात. सुंबरान मांडल्याबिगर ढोलावर हात पडत न्हाई. आबा ओळ टाकायचा आन् मागं उभं ऱ्हायलेलं गडी ती उचलून धरायचं.

पर आबाचा आवाज आता पार बसला व्हता. बोलला तर कळायचं, गायला तर नुसती हवा. म्हणून त्येनं भर पंचात सांगून टाकलं, "औंदा सुंबरान सिदा मांडंल."

सिदाची छाती ही येवडी फुगली. दिसभर माळावर गायचा, सांजचं तळावर येऊन परत गायचा. त्येची बायकू हौसा म्हणली, "आवं, आता भाकरी मागायची ती बी ववीतच मागणार व्हय? मागा, पर कोरड्यास संपल्यावर नगा मागू."

आता आमच्याकडं एक रीत हाय. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो आन् रात्रीचं मेंढरं रानात बसवून घेतो. लेंडीमुताचं खत पडतं, रान पिकतं. बदल्यात धनगराला धान्य देतो. दोघांचं बी भागतं. तर औंदा दाजीबा नावाच्या एका बागायतदारानं सिदाला सांगावा धाडला. माझ्या रानात मेंढरं बसव. त्येच्या बांधाला लागून गोदाक्काची एक चिंचोळी पट्टी. नवरा गेलेला, बाई एकटी. तिच्यापाशी द्यायला धान्य बी नव्हतं. सिदाला वाटलं, हिचं रान येवडंसं, आधी हिच्यात बसवू, मंग दाजीबाकडं जाऊ. तिला म्हणला, "आक्का, एक येळ भाकरी घाल, तेवडं लई झालं."

दाजीबा बांधावर येऊन उभा ऱ्हायला. "बाईच्या मागनं माझा नंबर व्हय रं?" येवडंच बोलला. हसला बी. सिदाला वाटलं, मिटलं.

रातभर मेंढरं गोदाक्काच्या रानात बसली, दुसऱ्या दिशी सकाळी सिदा ती घेऊन निघाला. त्यो म्होरं चालत व्हता. मागं दाजीबाच्या बांधाच्या कडंला पराती मांडलेल्या, त्यात कोंडा आन् गूळ कालवलेला. मेंढराला काय, गुळाचा वास आला की घुसलं. सिदा वरडत मागं पळाला तवर पराती चाटून लख्ख. आन् घटकाभरात एकेक मेंढरू पाय झाडाय लागलं. तोंडाला फेस. सिदा एकीला उचलतोय तवर दुसरी पडतीय, दुसरीच्या तोंडात ताक वततोय तवर तिसरी. साऱ्या काळ्या खांडात एकटीच पांढरी, चांदी म्हणायचा तिला, ती त्येच्या मांडीवर मान टाकून गेली. कोकरं मेलेल्या आयांना ढुशा देत व्हती. आया उठत नव्हत्या.

चांगलं केलं म्हणून ह्ये झालं, बरं का. वाईट केल्यानं न्हाई.

पोलीसपाटील आला. दाजीबा म्हणला, "उंदरांनी उच्छाद मांडलाय. माझ्या बांधावर मी उंदराला काय बी ठेवीन. ह्येला कुणी सांगितलं मेंढरं घाल म्हणून?" पराती तवर घासूनपुसून पालथ्या पडल्या व्हत्या. बघितलं कुणी? कुणीच न्हाई. गोदाक्का दारात उभी व्हती, ती खाली मान घालून आत गेली. तिचं रान दाजीबाच्या हिरीवर भिजायचं.

सांगावा गेला तसा धुळा आबा काठी टेकत आला. रडला न्हाई, वरडला न्हाई. एकेका मेंढरापाशी बसला, पाठीवरनं हात फिरवला. आन् मंग काखेतल्या झोळीतनं कातर काढली आन् मेलेल्या मेंढराची लोकर कातराय लागला.

सिदाला आधी कळंनाच. मंग कळलं तशी त्येच्या टाळक्यात आग गेली.

"आबा, ह्ये काय चाललंय?"

"लोकर काढतोय."

"मढ्याची?"

"पुरायच्या आधी काढाय पायजे. ये, पाय धर."

"मी न्हाई धरत! गिधाडं परवडली, ती भूक लागल्यावर तरी येत्यात. तुला काय कमी पडलं रं म्हाताऱ्या?"

आख्ख्या जन्मात सिदानं आबाला आरं-तुरं केलं नव्हतं.  आबानं कातर थांबवली न्हाई. म्हणला, "बाकीच्यांचं मी बघतो. चांदीला तरी धर. तिला परक्या हातात देऊ नगंस."

सिदानं न्हाई धरलं. पाठ फिरवून बसला. मागं कातर चालायची कच कच कच, आन् प्रत्येक कच त्येच्या काळजातनं जायची. लोकर झाली तशी आबानं पोत्यात भरली, मेंढरं पुरायला हात लावला आन् पोतं खांद्यावर टाकून सनगराच्या घरची वाट धरली. सनगर म्हंजी घोंगडी इणणारा. माणसं आपसात बोललीच की, "म्हातारपणी हाव सुटली बघा. मेलेल्याचं घोंगडं घालून ऊब यील व्हय त्येला?"

जत्रा जवळ आली. सिदाचं गाणं बंद. वाचलेली मेंढरं चारायची, सांजचं गपगार पडायचं. पंच आलं तर त्येनं सरळ सांगून टाकलं, "सुंबरान दुसऱ्याला सांगा. ज्या देवाला परातीतलं ईख दिसलं न्हाई, त्येला माझं गाणं काय ऐकू येतंय? मी थोरवी गायची कुणाची? कशाबद्दल?"

पंच आल्या पावली माघारी गेलं. हौसानं तेवडं म्हणून घेतलं, "मी तर जाणार जत्रंला. देवाशी भांडाय जाणार. तुमी तर त्येच्याशी भांडत बी न्हाई, नुसतं रुसून बसलाय. नवरी हाय का तुमी?"

जत्रंच्या दिशी सिदा तिच्या मागं मागं गेला.

दुपार कलली व्हती. देवळाफुडच्या माळावर माणूसच माणूस. तेवड्यात हलगी वाजत आली. दाजीबा! मागं दोन गडी बांबूला पितळंची ही भलीमोठी घंटा बांधून घेऊन. बिरोबाला वाहायला आणलेली. पुजाऱ्यानं लगबगीनं म्होरं जागा करून दिली. दाजीबा फेटा सावरत म्होरंच बसला. घंटा देवळाच्या तुळईला टांगली, त्येनं एक टोल दिला, माणसं म्हणली, वा वा, आवाज हाय.

सिदा लांब, साऱ्यांच्या मागं, लिंबाखाली उभा. त्येच्या मनात आलं, बघा, देव बी घंटंवाल्याचा. बरं झालं आपण गाणं सोडलं.

आता सुंबरानाच्या आधी देवाची बैठक मांडत्यात. घोंगडं हातरायचं, त्येच्यावर भंडारा उधळायचा, देव तिथं येऊन बसतो आसं समजायचं. देवळाचं एक घोंगडं ठेवलेलंच आसतं, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पुजाऱ्यानं त्ये आणलं. आबा उठला, त्ये बाजूला सारलं आन् खांद्यावरचं एक नवं कोरं काळं घोंगडं झटकून हातरलं. राठ, इणताना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास आजून तसाच.

पुजारी म्हणला, "आबा, ह्ये कशाला? देवाचं हाय की."

"औंदा देव ह्येच्यावर बसंल."

काळ्या घोंगड्याला एका कडंला पांढरा पट्टा व्हता. सिदानं लांबनं बघितला. एकच पांढरी व्हती खांडात. त्येला कुणी सांगाय लागलं न्हाई. गर्दी ढकलत त्यो फुडं आला. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी शिवी घातली, त्येला काय ऐकू आलं न्हाई. घोंगड्यापाशी येऊन उभा ऱ्हायला.

"ही माझी मेंढरं हाईत, आबा."

"व्हय."

"ह्येच्यावर देव बसवताय?"

"व्हय."

"त्येला टोचंल."

"टोचू दे," आबा म्हणला.

आबाचा आवाज म्हंजी नुसता वारा. पर माणसं आशी गप झाली की त्यो वारा बी साऱ्यांना ऐकू गेला.

"बस हितं," आबा म्हणला. "मऊ गादीवर देव बसवून गायला कुणाला बी जमतं. त्या म्होरं बसलेल्याला बी जमतं. त्ये गाणं न्हवं, खुशामत हाय. तुला वाटतंय, देवाला चांगलं म्हणायचं तर झालेलं वाईट झाकून ठेवाय पायजे. का झाकायचं? आण की त्येच्या म्होरं. हातर त्येच्या बुडाखाली. म्हणावं, बस ह्येच्यावर, आन् मंग ऐक माझं. जो ह्येच्यावर बसाय तयार न्हाई, त्यो आपला देव न्हवं. आपला बसतो. मी त्येला लई वंगाळ जागी बसलेला बघितलाय."

"मंग त्येनं थांबवलं का न्हाई?" सिदाचा आवाज चढला. "परात पालथी घालाय काय हात नव्हतं त्येला?"

आबानं घोंगड्याची मुडपलेली कड सरळ केली. मंग म्हणला, "त्ये मला ठावं न्हाई. माझा थोरला पोरगा तापानं गेला तवापास्नं मी बी त्येच इचारतोय. कळलं आसतं तर तुझ्यापास्नं लपवून ठेवलं आसतं व्हय लेका?"

"मंग गायचं कशाला?"

"एक सांग. मेंढरं पडली तवा तुझ्या आतनं काय आलं?"

"राग आला. दुसरं काय यायचं?"

"का आला?"

"का म्हंजी? व्हायला नको व्हतं ते झालं!"

"नको व्हतं, ह्ये कुणी ठरवलं? ज्येनं केलं त्येला इचार, त्यो म्हणंल झालं ते झालं. ह्या माळाला इचार, माळ कायच बोलत न्हाई. मंग तुझ्या आत कोण वरडलं की ह्ये नको व्हतं? त्यो जो वरडला, त्येचंच सुंबरान मांडायचंय आपल्याला. जग चांगलं हाय म्हणून न्हाई मांडायचं. कोकरू आईच्या कुशीत आसल्यावर वरडतं का? हरवलं की वरडतं. आन् वरडतं म्हंजी त्येला आई ठावी आसती. ऐक सिदा. मेंढरं ईख घालणाऱ्यानं मारली. गाणं त्येला मारता येत न्हाई. ते तूच मारलंस तर मरंल."

येवडं बोलून आबाला धाप लागली. त्यो खाली बसला. जास्त काय बोलायचं ऱ्हायलंच नव्हतं.

सिदा उभा. म्होरं घोंगडं. त्येनं वाकून पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवला. लोकर टोचली. मंग भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावली, कानावर हात ठेवला आन् त्यो जो काय गळा लावला, लिंबावरचं पाखरू उडालं.

आधी शिकवल्यासारखी देवांची नावं घेतली, थोरवी गायली. आन् मंग जिथं थांबायचं तिथं त्यो थांबला न्हाई.

"या देवा बिरोबा, बसा ह्या लोकरीवर,
लोकर ही कुणाची, सांगतो खरोखर.
पांढरी माझी चांदी पडली बांधावर,
गूळ तिच्या तोंडात, ईख त्या गुळावर."

मागचं गडी घाबरलं. ही ओळ उचलायची का न्हाई? त्येंनी एकमेकाकडं बघितलं. आबानं मान हालवली. मंग त्येंनी उचलली, आन् आशी उचलली की ढोलाच्या आधी माळच घुमला. सिदा एकेक मेंढराचं नाव घ्यायला लागला. कानकापी, बोडकी, पाटलाकडनं घेतलेली, पावसात जन्मलेली. गडी एकेक नाव उचलत व्हतं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत व्हत्या. एका नावाला सिदाची ओळ अर्ध्यातच तुटली. तवा आबानं ती धरली. आवाज कुठला, नुसती हवाच. पर ओळ पडू दिली न्हाई. आन् सिदानं शेवट केला:

"तरी म्हणतो देवा, हाईस तू चांगला,
चांगला हाईस म्हणून तुझ्यापाशी दावा मांडला."

ढोल वाजलं. भंडारा उधळला. सुंबरान झालं की भंडाऱ्याचं ताट साऱ्यांम्होरं फिरतं. बैठकीम्होरं भंडारा उचलायचा म्हंजी खरं तेच बोलायचं, ह्ये बारक्या पोराला बी म्हाईत. ताट दाजीबापाशी आलं. दाजीबा ताटाकडं बघाय लागला. हात काय फुडं येईना.

पुजारी म्हणला, "घ्या की दाजी."

"मला... मला पडसं झालंय. हळद सोसत न्हाई."

"कपाळाला लावायचाय वो, नाकात न्हाई घालायचा," मागनं कोणतरी बोललं.

तेवड्यात बायकांच्या घोळक्यातनं गोदाक्का उठली.  म्होरं आली, ताटातली चिमूट उचलली आन् घोंगड्याम्होरं उभी ऱ्हायली.

"मी बघितलं. पहाटं कोंडा कालवताना बघितलं, वर बाटलीतलं वतताना बघितलं. पाण्याच्या भ्यानं बोलले न्हाई. सिदानं देवाला सांगितलं, मंग मला माणसाला सांगाय काय धाड भरली?" आन् दाजीबाकडं वळून म्हणली, "आता हीर बंद करायची तर कर जा."

तुमास्नी वाटंल, आता दाजीबा रडला आसंल, घोंगड्यावर डोकं ठेवलं आसंल. कसलं काय! उठला, गड्यांना हाक मारली आन् जाताना घंटा बी काढून घेऊन गेला. गडी ती बांबूला बांधून पळवत व्हतं आन् ती आपली ठण् ठण् वाजतीय. सारी जत्रा हसली. सिदा बी हसला, हसता हसता मटकन खाली बसला आन् रडला. मेंढरं मेल्यापास्नं पहिल्यांदा रडला.

पोलीसपाटलानं गोदाक्काचा जबाब घेतला. फुडं काय व्हायचं ते व्हईल. दाजीबानं दुसऱ्याच दिशी तिचं पाणी तोडलं, ते बी झालं. सिदानं ऱ्हायलेली मेंढरं परत तिच्याच रानात नेऊन बसवली. मेलेली काय उठून आली न्हाईत. आसं मी तुमाला सांगणार बी न्हाई.

जत्रा पांगली तवा सिदानं आबाचं पाय धरलं. म्हणला, "आबा, देवानं ऐकलं आसंल का वो?"

आबा घोंगडं घडी करत व्हता. म्हणला, "गोदाक्कानं तर ऐकलं. तिच्या कानानं त्योच ऐकत नसंल कशावरनं?"

 सिदानं घडीचं दुसरं टोक धरलं.

तर आता तुमचं बोला. तुमच्यातलं बी कोणकोण गप बसलंय, मला ठावं हाय. कुणाचं लेकरू गेलंय, कुणाचा भाऊ, कुणाला कुणी नागवलंय. देव्हाऱ्याकडं बघवत न्हाई म्हणून दार लोटून घेतलंय. आजाबात चालणार न्हाई. घरी जा. दार उघडा, देवाम्होरं बसा. जे गेलंय त्येचं नाव घ्या, मोठ्यानं, शेजाऱ्याला ऐकू जाईल आसं. कुणी केलं ते बी सांगा. आन् मंग त्येला चांगला म्हणा, आन् गा. उद्या न्हाई, आज. उठा.